बाजी कायम

“सर, मंग जिंकलं कोन?”

२८ जुलै २०२५, सोमवार. मराठीचा तास. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुली मराठी शिकतात ती अर्धी पुस्तकातली आणि अर्धी तेल्हाऱ्याच्या बाजारातली. म्हणून तासाच्या सुरुवातीला मी पाच मिनिटं पेपरातली एखादी बातमी मराठीत सांगतो आणि त्यांना मराठीतच प्रश्न विचारायला लावतो. त्या दिवशीची बातमी बुद्धिबळाची होती. जॉर्जिया देशातल्या बटुमी शहरात महिला विश्वचषकाचा अंतिम सामना चालू आहे. समोरासमोर बसलेल्या दोघीही भारतीय आहेत. एक आंध्रची कोनेरू हंपी, दुसरी आपल्या नागपूरची दिव्या देशमुख. शनिवारचा डाव बरोबरीत सुटला, रविवारचाही बरोबरीत सुटला.

तेव्हा मागच्या बाकावरून वरचा प्रश्न आला.

“कोणीच नाही. बरोबरी झाली,” मी म्हणालो.

“मंग दोन दिवस खेळून फायदा काय झाला?”

वर्ग हसला, मीही हसलो. घंटा झाली आणि विषय तिथेच राहिला. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. बरोबरी म्हणजे नेमकं काय? काहीच घडलं नाही, असं? की घडलं ते बघायला आपल्याला सवड नव्हती?

शनिवारचा तो डाव मी मोबाइलवर पाहिला होता. शेजारचे एक चच्चा सोबत होते. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी गावातल्या ओट्यांवर त्यांनी पुष्कळ शतरंज खेळलेली, तीही देशी नियमांची. पडद्यावरचा पट त्यांना नीट दिसत नव्हता, म्हणून एकेक चाल मी सांगायची आणि त्यांनी मान हलवायची, असं चाललं होतं. शेवटी मी म्हटलं, “चच्चा, बरोबरी झाली.” ते म्हणाले, “यानी बाजी कायम.”

हा शब्द मी पुष्कळ दिवसांनी ऐकला. सगळी गोष्ट खरं तर त्या शब्दात आहे. पण आधी डाव सांगतो.

दिव्याकडे पांढरी मोहरी होती. वय १९. स्पर्धेत तिचा मानांकन क्रमांक पंधरावा. इथवर येताना तिने झू जिनेर आणि तान झोंगयी या चीनच्या दोन बलाढ्य खेळाडूंना आणि आपल्याच द्रोणवल्ली हरिकाला हरवलं होतं. समोर ३८ वर्षांची हंपी. २००२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झालेला नव्हता. म्हणजे आपल्या जन्माच्या आधीपासून ज्या बाईचं नाव देश घेतो आहे, तिच्यासमोर ही मुलगी बसली होती.

डावाची सुरुवात झाली ती क्वीन्स गॅम्बिटने, मराठीत म्हणायचं तर वजिराच्या गॅम्बिटने. ज्यांना बुद्धिबळ येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या सुरुवातीचा साधा नमुना असा : पांढरा आपल्या वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकतो, काळाही तसंच करतो, दोन्ही प्यादी एकमेकांसमोर अडतात. मग पांढरा शेजारच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे नेऊन काळ्याच्या प्याद्याच्या माऱ्यात उभं करतो. घे, खा! काळ्याने ते खाल्लं तर गॅम्बिट स्वीकारला, नाही खाल्लं तर नाकारला. हंपीने स्वीकारला.

फुकट मिळालेलं प्यादं कोण सोडेल, असं वाटतं खरं. पण ते खाताना काळ्याचं प्यादं मधल्या रस्त्यावरून बाजूला जातं आणि पटाचा मध्यभाग पांढऱ्यासाठी मोकळा होतो. शिवाय ते खाल्लेलं प्यादं पचत नाही. काळ्याने आपलं प्यादं जपायचा हट्ट धरला तर त्याची दुसरी बाजू उघडी पडते. म्हणून जाणकार खेळाडू ते प्यादं पुढे परत जाऊ देतो आणि त्या वेळात आपली बाकीची मोहरी बाहेर काढून घेतो. म्हणजे नाव गॅम्बिट असलं तरी हे दान नाही, उसनवारी आहे. आपल्याकडे पेरणीच्या दिवसांत शेजाऱ्याला बियाणं देतात, तसं. दिलेलं परत येणार हे दोघांनाही माहीत असतं. मधल्या काळात कोण काय उभं करतो, त्यावर पुढचं अवलंबून.

त्या डावात चौदाव्या खेळीच्या सुमारास दिव्याची बाजू फार वरचढ झाली होती. संगणकाचा हिशेब तिच्याकडे झुकला होता. आपण संगणकाचा आकडा बघत असतो, म्हणून आपल्याला सगळं सोपं वाटतं. पटावर बसलेल्याला आकडा दिसत नाही, फक्त मोहरी दिसतात आणि घड्याळ दिसतं. ती संधी निसटली. हंपीने डाव सावरला. मग दोघीही पुढे खेळत राहिल्या आणि एकेचाळीस खेळींनंतर अर्धा अर्धा गुण वाटून उठल्या.

आता गॅम्बिट या शब्दाकडे येऊ. मी भाषेचा मास्तर, त्यामुळे शब्द दिसला की त्याचं गाव विचारल्याशिवाय राहवत नाही. हा शब्द इटलीतल्या कुस्तीच्या आखाड्यातून आला. ‘गांबा’ म्हणजे पाय. ‘गांबेत्तो’ म्हणजे पायात पाय घालून पाडणं. आपले पैलवान टांग मारतात ना, अगदी तेच. रुय लोपेझ नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने १५६१ सालच्या आपल्या पुस्तकात हा शब्द बुद्धिबळासाठी वापरला आणि तो रूढ झाला. म्हणजे समोरच्याला पुढे येऊ द्यायचं, त्याचा तोल जाऊ द्यायचा आणि मग टांग.

पण वजिराच्या या विशिष्ट गॅम्बिटला एकेकाळी आणखी एक नाव होतं : अलेप्पो गॅम्बिट. अलेप्पो म्हणजे सीरियातलं हलब. आमच्या उर्दूच्या पुस्तकांतून भेटणारं हलब शहर. तिथला फिलिप स्टामा नावाचा एक अरब ख्रिस्ती माणूस अठराव्या शतकात युरोपात गेला. १७३७ साली त्याने पॅरिसमध्ये बुद्धिबळाचं पुस्तक छापलं. या गॅम्बिटचा त्याने पुरस्कार केला. पुढे लंडनमध्ये तो इंग्रज सरकारकडे पौर्वात्य भाषांचा दुभाषी होता. आज जगभर पटावरची घरं ज्या अक्षर-आकड्यांनी लिहितात, त्या पद्धतीची वाटही त्यानेच घालून दिली. १७४७ साली तो फिलिडोर या फ्रेंच खेळाडूकडून हरला आणि लोक त्याला विसरले. पण त्याची लिहिण्याची रीत उरली, त्याचा आवडता गॅम्बिटही उरला. दोन भाषांच्या मधे उभं राहून पोट भरणाऱ्या या माणसाबद्दल मला आपुलकी वाटते, त्याचं कारण सांगायला नको.

हा खेळ असाच माणसांच्या बोटाला धरून फिरला आहे. भारतातलं चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ, सैन्याची चार अंगं. इराणात ते चतरंग झालं, अरबांकडे शतरंज झालं. मग त्याच वाटेने शब्द उलटे परत आले आणि आपल्या भाषांत घर करून बसले. शह फारसी. मात, वजीर, प्यादं, बाजी हेही सगळे बाहेरून आलेले. निवडणुकीच्या दिवसांत मराठी पेपर उघडून बघा : ‘शह-काटशहाचं राजकारण’, ‘दिग्गजांवर मात’, ‘शेवटच्या फेरीत बाजी मारली’. लिहिणाऱ्याच्या मनातही येत नाही की आपण फारसी लिहितो आहोत. येऊही नये. चार पिढ्या एका घरात राहिलेल्याला पाहुणा म्हणत नाहीत.

चच्चांचा ‘कायम’ही असाच लांबून आलेला. नवव्या-दहाव्या शतकात बगदादमध्ये शतरंजवर अरबीत ग्रंथ लिहिले जात होते. अल-अदली आणि अस-सूली ही त्यातली मोठी नावं. अस-सूली खलिफाच्या दरबारात खेळायचा. सुरुवातीच्या मांडणीला हे लोक ‘तअबिया’ म्हणायचे, म्हणजे लढाईपूर्वीची सैन्याची रचना. आजचे ग्रँडमास्टरही ‘तबिया’ हाच शब्द वापरतात. आणि जी बाजी कोणाचीच झाली नाही ती ‘काइम’, म्हणजे उभी राहिलेली. पडली नाही ती.

त्या काळचे नियम वेगळे होते. समोरच्याचा राजा सोडून सगळी मोहरी मारली की तुम्ही जिंकलात. पण एकट्या उरलेल्या राजाने लगेच पुढच्या खेळीत तुमचं शेवटचं मोहरं मारून तुम्हालाही एकटं केलं, तर बाजी काइम. सगळं गमावलेल्याच्या हातात एक शेवटची खेळी ठेवणारा हा नियम मला फार आवडतो. राजा एकटा पडण्याला उर्दूत ‘बुर्द’ म्हणतात, जुन्या मराठी खेळात ‘बुर्जी’.

मराठीने मात्र यासाठी ‘बरोबरी’ हा शब्द घेतला आणि इथे खरी गंमत आहे. उर्दूतला ‘कायम’ फक्त बाजीबद्दल बोलतो. मराठीतली ‘बरोबरी’ बसलेल्या माणसांबद्दलही बोलते. डाव बरोबरीत सुटला हीही बरोबरी, आणि ‘तू माझ्याशी बरोबरी करतोस का?’ हीही बरोबरीच. पटाचा इतिहास चाळला की दिसतं, पहिली बरोबरी एका संध्याकाळीत मिळते, दुसरीला पिढ्या लागतात.

मीर सुलतान खान यांचंच बघा. पंजाबातल्या सरगोधा भागातला हा माणूस. देशी शतरंजमध्ये लहानपणापासून तरबेज. सर उमर हयात खान या जमीनदाराने त्यांना आश्रय दिला आणि युरोपीय नियम शिकवण्याची सोय केली. देशी खेळात प्यादं पहिल्या खेळीतही एकच घर सरकतं, त्यामुळे दोन्ही सैन्यं सावकाश भिडतात. वजिराच्या गॅम्बिटसारखी दुसऱ्याच खेळीला होणारी झटापट तिथे उद्भवतच नाही. म्हणून डावाच्या सुरुवातीचं ज्ञान ही सुलतान खान यांची कच्ची बाजू राहिली. एकदा सुरुवात पार पडली की मग मात्र त्यांच्यासमोर टिकणं अवघड होतं. १९२८ साली ते अखिल भारतीय विजेते झाले. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वर्षं ब्रिटिश अजिंक्यपद त्यांनी घेतलं. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. गुलाम देशातला माणूस ब्रिटिश संघाच्या पहिल्या पटावर बसून जगाशी खेळला.

याच सर उमर यांच्या परिवारातल्या मिस फातिमा यांनी १९३३ साली ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकलं. हे वाक्य मी वर्गात सांगतो तेव्हा मुली मान वर करतात. १९३३? फातिमा? हो, फातिमा.

पटावर हे असं. पटाबाहेर काय होतं? १९३३ साली फोकस्टोनच्या ऑलिम्पियाडच्या वेळी सर उमर यांनी अमेरिकेच्या संघाला घरी बोलावलं. त्या संघातल्या रूबेन फाइन यांनी पुढे लिहिलं की जेवण वाढायला सुलतान खान उभे होते. ज्याच्याशी बरोबरी करायला जगातले उस्ताद धडपडत, तो आपल्याला वाढतो आहे, हे पाहून पाहुणे अवघडले. सुलतान खान यांच्या कुटुंबीयांना ‘नोकर’ हे चित्र मान्य नाही. ते शिकलेले होते, स्वतःची जमीन असलेल्या घरातले होते, असं ते सांगतात. मला या वादातून एवढंच दिसतं की तीन वेळा अजिंक्यपद मिळवूनही त्यांची गोष्ट बरीच वर्षं दुसऱ्यांच्याच तोंडून जगापुढे गेली.

ते १९३३ च्या अखेरीस मायदेशी परतले आणि १९३५ साली वि. का. खाडिलकर या मराठी खेळाडूशी त्यांचा सामना झाला. दहा डाव. सुलतान खान नऊ जिंकले, एक बरोबरीत सुटला. या सामन्यानंतर मोठ्या स्पर्धांच्या जगाला ते पुन्हा दिसले नाहीत. १९६६ साली सरगोध्यातच वारले. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब दिला तो २०२४ साली, मृत्यूनंतर ५८ वर्षांनी.

त्या दहा डावांतल्या एका बरोबरीकडे मी परत परत येतो. साडेनऊ विरुद्ध अर्धा. पेपरातल्या बातमीसाठी तो अर्धा नगण्य. पण कापाब्लांकाला हरवणाऱ्या माणसासमोर बसून, हार मागून हार पचवून पुन्हा पटावर यायचं आणि एक बाजी कायम ठेवायची, हे ज्याने केलं त्याच्यासाठी तो अर्धा किती मोठा असेल! विचारा त्या मुलाला, ज्याला गणितात दरवेळी भोपळा मिळतो आणि एकदा पस्तीस पडतात.

बरोबरीचा तिसरा किस्सा मुंबईचा. वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर बहिणी. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीने जिंकली. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत खेळायला बसली आणि गदारोळ उठला. मुलगी पुरुषांच्या स्पर्धेत कशी? प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, जागतिक महासंघापर्यंत गेलं. अध्यक्ष माक्स युवे यांनी निर्णय दिला : स्त्रियांना अशा स्पर्धांमधून अडवता येणार नाही. या मुलीने मागितलं काय होतं? विजय मागितला नव्हता, सवलत मागितली नव्हती. समोरची खुर्ची मागितली होती. पट मांडा, मोहरी लावा, मग हरले तर हरले.

गमतीचा भाग असा की पटावरचं सगळ्यात ताकदवान मोहरं आपल्याकडे वजीर आहे, पुरुष. शतरंजच्या काळात ते फक्त एक घर तिरकं सरकायचं. युरोपात त्याची राणी झाली आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिला पटभर धावायची मुभा मिळाली. खेळाने चालायची परवानगी दिली आणि तेच दुबळं मोहरं सगळ्यांत भारी ठरलं. मोहऱ्यांच्या बाबतीत हे लोकांनी पटकन मान्य केलं. माणसांच्या बाबतीत जरा वेळ लागला.

हे सगळं मागे ठेवून आता बटुमीतल्या त्या शनिवारकडे पुन्हा बघा. विश्वचषकाचा अंतिम सामना, दोन्ही खुर्च्यांवर भारतीय स्त्रिया. कोणाच्या परवानगीचा प्रश्न नाही, कोणाच्या आश्रयाचा नाही. पटाबाहेरची बरोबरी आधीच्यांनी कमावून ठेवलेली होती, म्हणून या दोघींना पटावरच्या बरोबरीसाठी निवांत भांडता आलं.

आणि त्या डावातून दिव्याला काय मिळालं? जिंकत आलेली बाजी हातून जाते तेव्हा माणूस दोनदा हरतो, एकदा तिथे आणि एकदा रात्री अंथरुणावर. परीक्षेत एक प्रश्न चुकला की पुढचे तीन येत असूनही चुकवणारी लेकरं मी दरवर्षी पाहतो. दिव्याने संधी गेल्यावर डाव जाऊ दिला नाही. रविवारी काळी मोहरी घेऊन दुसरी बाजीही कायम ठेवली.

सोमवारी संध्याकाळी जलद डाव झाले. पहिला पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात दिव्या काळ्या मोहऱ्यांनी जिंकली. विश्वचषक तिचा झाला आणि त्यासोबत ग्रँडमास्टर किताबही. भारताची ८८वी ग्रँडमास्टर, स्त्रियांमध्ये चौथी. हंपी, हरिका, वैशाली आणि मग दिव्या. आपल्या अमरावतीचा स्वप्नील धोपाडे ग्रँडमास्टर झाला तेव्हाही वऱ्हाडाला असाच आनंद झाला होता. या वेळी नागपूरच्या लेकीचा. चच्चांना मी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “दोन दिन बाजी कायम रखी, इसलिए तीसरा दिन देखने मिला.”

मंगळवारी वर्गात मी तोंड उघडायच्या आधीच मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, दिव्या जितली!”

मी तिला फळ्यावर बोलावलं. म्हटलं, चार डावांचे गुण मांड. तिने खडू घेतला. अर्धा. त्याखाली अर्धा. त्याखाली पुन्हा अर्धा. त्याखाली एक. रेघ ओढली आणि बेरीज केली : अडीच.

“यात जिंकण्याचे किती?”

“एक.”

“आणि बाकीचे?”

ती थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “दीड, सर. बरोबरीचे.”